"महिन्यात शिकेल ना?" – डॉग ट्रेनिंगच्या धंद्यात उतरण्याआधी हे शब्द पक्के करा

गेल्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हा – "मॅडम, पेट शॉप टाकायला भांडवल नाही, पण कुत्र्यांची आवड आहे. ट्रेनिंगचा व्यवसाय जमेल का?"

जमेल. भांडवल खरंच कमी लागतं. एक लांब दोरी, कंबरेला खाऊची पिशवी, एक क्लिकर आणि गाडीत पेट्रोल. पण आवड आहे म्हणून उद्या पोस्टर छापू नका. या धंद्यातले काही शब्द आहेत. ते नीट कळले नाहीत तर तुम्ही गिऱ्हाइकाला नको ते कबूल करून बसता, आणि त्याची किंमत गिऱ्हाइकाचा कुत्रा मोजतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये.

नाशिकमध्ये दुकान सुरू करून मला दुसरं वर्ष होतं. पट्टे, खाद्य, शांपू विकून भाडं कसंबसं निघत होतं. त्यामुळे ओळखीतल्या एका ट्रेनर मुलाला हाताशी धरून मी "बेसिक ओबिडियन्स – एक महिना" असा बोर्ड लावला. एक निवृत्त काका त्यांचा दीड वर्षाचा लॅब्रेडॉर घेऊन आले. नाव ब्राउनी. काकांनी विचारलं, "महिन्यात शिकेल ना? गॅरंटी?" मी म्हणाले, "शंभर टक्के काका." आठ हजार रुपये घेतले.

महिनाभर ब्राउनी त्या मुलाकडे बोर्डिंगला राहिला. शेवटच्या दिवशी काका-काकूंसमोर डेमो झाला. सिट, स्टे, कम, हील, सगळं एकदम टकाटक. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी फोटो काढून दुकानाच्या पेजवर टाकले.

नवव्या दिवशी संध्याकाळी दूधवाला आला, गेट उघडं राहिलं आणि ब्राउनी बाहेर पळाला. काका मागून ओरडत होते, "ब्राउनी, ये! ये!" ब्राउनीने एकदा वळून पाहिलं आणि उलट्या दिशेने धूम ठोकली. वळणावर मोटरसायकलची धडक बसली. पुढचा पाय मोडला. गाडीवरचा मुलगाही पडला, सुदैवाने खरचटण्यावर निभावलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझी पावती काउंटरवर ठेवली. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "बेटा, तू शंभर टक्के म्हणाली होतीस." मी पैसे परत केले, पण पैशांनी पाय जुळत नाही. मग मी शोधायला लागले की डेमोत चोख वागणारा कुत्रा घरी कसा काय विसरला. उत्तर असं होतं की तो काहीच विसरला नव्हता. आम्ही त्याला जे शिकवलं होतं ते आम्हालाच माहीत नव्हतं.

आधी "कमांड" हा शब्द डोक्यातून काढा

आपण सगळे "कमांड" म्हणतो. गिऱ्हाईकही तेच म्हणणार, त्याला टोकू नका. पण तुमच्या डोक्यात "इशारा" असू द्या. इंग्रजीत ट्रेनर मंडळी याला "क्यू" म्हणतात. हुकूम म्हटला की पाळला नाही तर शिक्षा आली. इशारा म्हणजे "आत्ता हे केलंस तर फायदा आहे" अशी खूण. ती शब्दाची असेल, हाताची असेल, शिट्टीची असेल. कुत्र्यांना हाताची खूण बहुतेक वेळा शब्दापेक्षा लवकर समजते.

आता आपल्या घरातली गंमत बघा. आजी म्हणते "बस", बाबा म्हणतात "बैठ", मुलं म्हणतात "सिट", आई म्हणते "ए, खाली बस ना रे". चार माणसं, चार शब्द. त्यात मराठीत "बस" ची आणखी एक अडचण आहे. "बस झालं", "बस कर", "बस आली का?", दिवसातून पन्नास वेळा तो शब्द घरात उच्चारला जातो आणि तेव्हा कुत्र्याने बसावं अशी कुणाचीच अपेक्षा नसते. "चल" चं तसंच. म्हणून पहिल्या सेशनला मी काही शिकवत नाही. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवते, कागद घेते, एका कृतीला एक शब्द ठरवते आणि तो कागद फ्रिजवर लावते. "सोड", "थांब", "जागेवर" हे मराठी शब्द छान चालतात. इंग्रजीच पाहिजे असं काही नाही, कुत्र्याला दोन्ही सारखेच.

आणि इशारा एकदाच द्यायचा. "सिट, सिट, सिट, अरे सिट!" असं रोज म्हटलं तर कुत्रा चौथ्या वेळी बसायला शिकतो. त्याच्या मते तोच शब्द आहे.

चार कप्पे

माझ्यासारखं बीबीए केलेल्यांना "ऑर्गनायझेशनल बिहेवियर" चा पेपर आठवत असेल. त्यात स्किनर नावाचा एक माणूस होता. परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरलो. हाच तो बी. एफ. स्किनर, ज्याचं "द बिहेवियर ऑफ ऑर्गनिझम्स" १९३८ मध्ये आलं. आजच्या डॉग ट्रेनिंगचा मोठा भाग त्याच्या कामावर उभा आहे. त्याचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड यांनी तर १९४० च्या दशकातच प्राणी शिकवण्याचा चक्क धंदा सुरू केला होता. म्हणजे आपली लाइन तशी जुनी आहे.

यातले चार शब्द लोक हमखास उलटे वापरतात. "पॉझिटिव्ह" म्हणजे चांगलं नव्हे, काहीतरी घातलं. "निगेटिव्ह" म्हणजे वाईट नव्हे, काहीतरी काढून घेतलं. "रीइन्फोर्समेंट" म्हणजे ते वागणं पुढे वाढलं. "पनिशमेंट" म्हणजे ते वागणं कमी झालं. बस, आता जोड्या लावा.

बसला, खाऊ मिळाला, पुढच्या वेळी पटकन बसतो – पॉझिटिव्ह रीइन्फोर्समेंट. पट्टा ताणून धरला, बसल्यावर सैल सोडला, म्हणून बसायला लागला – निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. (गाडीत सीट बेल्ट लावेपर्यंत ती टिंग-टिंग वाजते ना, तेच.) ओढलं की चोक चेनचा झटका, म्हणून ओढणं कमी झालं – पॉझिटिव्ह पनिशमेंट. अंगावर उडी मारली की तुम्ही पाठ फिरवली, लक्ष मिळेनासं झालं, म्हणून उड्या थांबल्या – निगेटिव्ह पनिशमेंट. बरेच लोक "निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट" म्हणजे मारणं समजतात. इंटरव्ह्यूला आलेले ट्रेनरसुद्धा. मी हा प्रश्न मुद्दाम विचारते.

यात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर कुठला कप्पा हे तुमच्या हेतूवरून ठरत नाही, परिणामावरून ठरतं. कुत्रा भुंकतो, मालक ओरडतो "गप!" मालकाला वाटतं आपण शिक्षा केली. पण दिवसभर एकटा पडलेल्या कुत्र्याला वाटतं, चला, कुणीतरी बोललं तरी. भुंकणं वाढलं तर ते बक्षीसच झालं.

मी स्वतः झटके, चोक चेन, काटेरी पट्टा वापरत नाही आणि दुकानात ठेवतही नाही. गिऱ्हाईक मागतं, परत जातं, जाऊ दे. यात भावनेचा भाग आहेच, पण धंद्याचाही आहे. मारून शिकवलेला कुत्रा अनेकदा गुरगुरणं बंद करतो आणि मग एक दिवस काही सूचना न देता चावतो. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तन पशुवैद्यांच्या संस्थेने २०२१ मध्ये बक्षिसावर आधारित पद्धतीच वापराव्यात अशी स्पष्ट भूमिका घेतली आहे. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, विनाकारण वेदना देणं हा त्यात गुन्हा आहे. तुमच्या "ट्रेनिंग"चा कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढला तर तुम्ही काय उत्तर देणार, हे आत्ताच ठरवा.

एक "अल्फा" वाला काका प्रत्येक सोसायटीत असतो. "त्याला दाखवून द्या बॉस कोण आहे, लांडग्यांत असंच असतं." त्याच्याशी वाद घालू नका, फक्त माहिती ठेवा. लांडग्यांवरचा अल्फाचा विचार ज्यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे पसरला, त्या डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप हा बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं असं कुटुंब असतो. तिथे "अल्फा" हा शब्द फारसा बसत नाही.

मार्कर, ल्युअर आणि "हातात खाऊ असला तरच ऐकतो"

क्लिकर म्हणजे प्लास्टिकची छोटी डबी, दाबली की टक्क आवाज. त्यात जादू काही नाही. कुत्र्याने बरोबर गोष्ट केली त्या क्षणाचा फोटो काढल्यासारखा तो आवाज असतो. खाऊ द्यायला दोन-तीन सेकंद लागतात, तोवर कुत्रा उठून उभा राहिलेला असतो. मग त्याला कळतं की उभं राहण्याचा खाऊ मिळाला. म्हणून आधी आवाज, मग खाऊ. याला मार्कर म्हणतात. क्लिकर नसेल तर "येस" किंवा "हां" असा छोटा, एकाच सुरातला शब्द चालतो. "शाब्बास माझ्या राजा" म्हणा, पण नंतर. मार्कर म्हणून ते फार लांब आहे. क्लिकर कुत्र्यांमध्ये लोकप्रिय करण्यात केरन प्रायर यांचा मोठा वाटा. त्या आधी डॉल्फिन शिकवायच्या. डॉल्फिनला कुठला पट्टा घालणार?

पण आवाजाला अर्थ येतो कुठून? तर पावलोव्हपासून. तुम्ही खुंटीवरचा पट्टा काढला की कुत्रा नाचायला लागतो ना? पट्ट्यात काही चविष्ट नाही, पण पट्ट्यानंतर फिरणं येतं. तसंच टक्क आवाजानंतर दहा-वीस वेळा लगेच खाऊ आला की आवाजच गोड लागायला लागतो. याला "क्लिकर चार्ज करणं" म्हणतात.

ल्युअर म्हणजे नाकासमोर खाऊ धरून त्याला हव्या त्या स्थितीत नेणं. नाकावरून डोक्याकडे हात नेला की मागचा भाग आपोआप खाली टेकतो. सोपं आहे, म्हणून सगळे इथेच अडकतात. चार-पाच वेळा झालं की खाऊ दुसऱ्या हातात किंवा खिशात गेला पाहिजे आणि तीच हाताची हालचाल रिकाम्या हाताने झाली पाहिजे. हे केलं नाही की गिऱ्हाइकाचा फोन येतोच – "खाऊ दाखवला तरच ऐकतो हो." खाऊ आधी दाखवला तर ती लाच, काम झाल्यावर दिला तर पगार.

कॅप्चरिंग म्हणजे तो स्वतःहून जे करतो ते टिपणं, जसं आपणहून चटईवर जाऊन पडला, की मार्कर. शेपिंग म्हणजे मोठ्या कामाचे छोटे तुकडे करून एकेक पक्का करणं. त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल.

शिकताना प्रत्येक वेळी खाऊ, पक्कं झाल्यावर अधूनमधून. दुकानदार लोकांना हे पटकन कळेल. सुरुवातीची ओळख करायला ऑफर चालते, पण रोज सगळ्यांना दहा टक्के देत राहिलात तर एक दिवस ऑफर बंद केल्यावर गिऱ्हाईक तुमच्याकडे बघत नाही. कधी मिळेल हे माहीत नसलं की मात्र माणूसही येत राहतो आणि कुत्राही. आणि खाऊ म्हणजे उकडलेलं चिकन किंवा पनीर, बोटाच्या पेराएवढंही नाही, त्याहून बारीक. द्राक्षं आणि चॉकलेट विषारी, हे नाशिकमध्ये मला दर सीझनला सांगावं लागतं.

ब्राउनीच्या वेळी जे शब्द मला माहीत नव्हते

पहिला शब्द जनरलायझेशन. कुत्रा "सिट" हा शब्द एकटा शिकत नाही. तो शिकतो "या अंगणात, या दादाने, समोर उभं राहून, पिशवीत खाऊ असताना सिट म्हटलं की बसायचं." अंगण बदललं, दादाच्या जागी काका आले, की त्याच्यासाठी तो जवळपास नवीन प्रश्न असतो. ब्राउनी एक महिना त्या मुलाकडे होता. काकांनी त्या महिन्यात एकदाही त्याला "ये" म्हणून बोलावलं नव्हतं. डेमोत पण आवाज ट्रेनरचाच होता. आम्ही ट्रेनरला ऐकणारा कुत्रा तयार केला आणि काकांना विकला.

दुसरा शब्द प्रूफिंग, आणि त्यात येणारे तीन घटक – अंतर, कालावधी, व्यत्यय. तुम्ही किती लांब आहात, किती वेळ थांबायचं आहे, आजूबाजूला काय चाललंय. नियम एवढाच की एका वेळी एकच वाढवायचं, आणि एक वाढवलं की बाकीचे दोन कमी करायचे. हॉलमध्ये एक मिनिट थांबतो म्हणून पार्किंगमध्येही एक मिनिट थांबेल असं धरायचं नाही. पार्किंगमध्ये पाच सेकंदांपासून पुन्हा सुरू. मग गेटजवळ, मग गेट उघडं असताना, मग आठवडे बाजाराच्या कडेला, आणि हे सगळं पाच-दहा मीटर लांब दोरी लावून. ब्राउनीचं उघड्या गेटवर शून्य काम झालं होतं.

तिसरी गोष्ट मला काकूंशी बोलताना सापडली, आणि तिने मला सगळ्यात जास्त टोचलं. घरी "ब्राउनी, ये" हे शब्द कधी वापरले जायचे? गच्चीवर खेळणं संपवून खाली आणताना. आंघोळीला नेताना. पाहुणे आले की बाल्कनीत बंद करताना. म्हणजे "ये" चा अर्थ त्याच्यासाठी "मजा संपली" असा पक्का झाला होता. ट्रेनर मंडळी याला विषारी झालेला इशारा म्हणतात. त्या संध्याकाळी काका जितक्या जोरात "ये" ओरडत होते तितका तो लांब पळत होता. खरं तर तो ऐकतच होता. मी डेमोआधी घरच्यांना एक प्रश्न विचारला असता तरी हे कळलं असतं.

आता मी असे शब्द दुरुस्त करत बसत नाही, सरळ बदलते. नवा शब्द, नवी शिट्टी, आणि पहिले काही आठवडे त्यानंतर फक्त सगळ्यात आवडता खाऊ. बोलावल्यावर खाऊ द्यायचा आणि पुन्हा खेळायला सोडायचं. आंघोळीला न्यायचं असेल तर बोलवायचं नाही, आपण जाऊन पट्टा लावायचा.

फोन येण्याआधी सांगायच्या गोष्टी

एक्स्टिंक्शन बर्स्ट हा शब्द तोंडात बसत नाही, पण धंद्यात सगळ्यात जास्त पैसे वाचवतो. जेवताना टेबलाशी भुंकणाऱ्या कुत्र्याला आजवर पोळी मिळायची. तुम्ही सांगितलं, देऊ नका. तो गप्प होईल का? नाही, आधी दुप्पट भुंकेल. आपणही लिफ्ट आली नाही की बटण जोरात दाबतो. साधारण याच टप्प्यावर आजोबा वैतागून पोळी टाकतात, आणि कुत्रा शिकतो की जास्त भुंकलं की मिळते. हे पहिल्याच दिवशी सांगितलंत तर गिऱ्हाईक म्हणतं, "मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं." नंतर सांगितलंत तर ते कारण देणं वाटतं.

तसंच थ्रेशोल्ड, म्हणजे सहनशक्तीची हद्द. त्या हद्दीपलीकडे गेलेला कुत्रा खाऊसुद्धा घेत नाही, तेव्हा शिकवणं थांबवून लांब जायचं. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याचं काम दिवाळीच्या आठवड्यात होत नाही. ऑगस्टपासून मोबाइलवर अगदी बारीक आवाज आणि सोबत चिकन, मग हळूहळू आवाज वाढवायचा. आणि जो चावला आहे त्याची केस एकट्याने घेऊ नका. आधी पशुवैद्याकडे पाठवा, कान दुखत असला तरी कुत्रा चावतो.

पिल्लांबद्दल थोडक्यात. साधारण तीन ते बारा आठवड्यांचा काळ ओळखी करून घेण्याचा असतो, स्कॉट आणि फुलर यांचं १९६५ चं पुस्तक याच अभ्यासाचं आहे. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे घरी आल्यावर हातात दिवस थोडे उरतात, आणि लसीकरणही पूर्ण झालेलं नसतं. मग जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन रिक्षा, कुकरची शिट्टी, टोपीवाला माणूस, सगळं दाखवून आणायचं. "सिट" नंतर आलं तरी चालतं.

आता माझी पावती कशी असते ते सांगते. "आज्ञाधारक" हा शब्द त्यावर नाही. गॅरंटी नाही. "दाराची बेल वाजल्यावर चटईवर ३० सेकंद", "घरातल्या किमान दोन माणसांनी पार्किंगमध्ये बोलावल्यावर लांब दोरीत परत येणं" असं मोजता येईल ते लिहिलेलं असतं. आठ सेशन, त्यांच्या घरी, घरातलं कुणीतरी हातात दोरी धरणार, मी बाजूला. रोज पाच-पाच मिनिटं तीनदा त्यांचा अभ्यास. सलग दोन आठवडे अभ्यास झाला नाही तर सेशन पुढे ढकलते, फी घेत नाही. यामुळे निम्मे लोक पहिल्याच फोनवर गळतात. "तुम्हीच घेऊन जा आणि शिकवून आणा" म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे नाही म्हणते, बोर्डिंगचे दुप्पट पैसे मिळत असले तरी.

काका चार महिन्यांनी परत आले. पायातली पट्टी निघाली होती, ब्राउनी थोडा लंगडत होता, अजूनही लंगडतो. मी फी घेणार नव्हते. काका म्हणाले, "फुकट असेल तर मी शिकणार नाही." निम्म्यावर तडजोड झाली. नवा शब्द काकूंनी निवडला – "घरी". सातव्या आठवड्यात उघड्या गेटसमोर, दोरी जमिनीवर लोळत असताना, काकू पायरीवरून "घरी!" म्हणाल्या आणि तो वळून, लंगडत, पण पळत आला. काकूंनी अख्खी चिकनची वाटी त्याच्यापुढे ठेवली. बारीक तुकडे द्यायचे असतात, हे मी त्या दिवशी बोलले नाही.

पुढच्या व्हिडिओत पावतीचा नमुना आणि पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न दाखवते. तोपर्यंत ओळखीतल्या एका कुत्रा पाळणाऱ्या घरी जा आणि घरातली माणसं "बसायला" कोणकोणते शब्द वापरतात ते लिहून आणा. माझ्याकडचा रेकॉर्ड सहा शब्दांचा आहे, त्यातला एक कानडी होता.